घरातलं सगळं खापर आपल्यावरच फुटत आलं असेल तर नाशिकमध्ये आधार कसा शोधायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात काहीही बिघडलं की ज्याच्याकडे बोट जातं, त्या माणसासाठी हे पान आहे. लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात तेच इथे घेतले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मला घरात खरंच बळीचा बकरा केलं जातं, की मीच सगळं मनाला लावून घेते?

राग प्रत्येक घरात कधी ना कधी कुणावर तरी निघतो. तुमच्या बाबतीत पाहायचं ते हे, की दोष आधीच ठरलेला आहे का आणि प्रसंग नंतर शोधला जातो का. भाऊ उशिरा आला तर "दमला असेल", तुम्ही उशिरा आलात तर "हिला घराचं काही पडलेलंच नाही". तुम्ही आठवडाभर परगावी असलात तरी घरातल्या भांडणाला कारण तुम्हीच. तुम्ही काही महिने लांब राहिलात की आईवडिलांमधला जुना ताण उघडा पडतो, नाहीतर दुसऱ्या कुणाची पाळी येते. एझरा व्होगेल आणि नॉर्मन बेल या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९६० मध्ये हीच यंत्रणा मांडली होती. नवराबायकोतला न सुटलेला ताण एका मुलावर ढकलला की घर वरवर सुरळीत चालतं, त्यामुळे ते मूल 'वाईट' राहणं सगळ्यांच्याच सोयीचं होतं.

खात्रीसाठी सहा आठवडे एक छोटी वही ठेवा. प्रत्येक नोंदीत चार गोष्टी लिहा: तारीख, काय घडलं, कोण काय बोललं, आणि तेच दुसऱ्या भावंडाने केलं तेव्हा काय झालं. वही घरात ठेवू नका आणि घरी कुणाला दाखवू नका. दाखवली की तीच नवीन भांडणाचं कारण होते. उलट बाजूही तपासा. घराशी संबंध नसलेले दोन-तीन जण, एकमेकांना न ओळखता, तुमच्याबद्दल एकच ठरावीक तक्रार करत असतील तर तेवढी ऐकण्यासारखी आहे. ती खरी निघाली म्हणून घरातला अन्याय खोटा ठरत नाही.

२. माझी बायको माझ्या बाजूने आहे, दोन जिवलग मित्र आहेत. वेगळा आधार कशाला?

एकाच माणसावर सगळा भार पडतो म्हणून. बायको रोज तीच हकीकत ऐकते, तिला त्याच सासरी वावरायचंही असतं, आणि वर्षभरात ती थकते. मित्र थकला की "सोड ना आता" म्हणतो आणि तुम्हाला पुन्हा नाकारल्यासारखं वाटतं. म्हणून कामं वाटा. रात्री-अपरात्री फोन करण्यासाठी एक, कागदपत्रं आणि पैशांच्या गोष्टींसाठी एक, मनातलं बोलण्यासाठी समुपदेशक किंवा गट. आणि जिथे घराचा विषयच निघत नाही अशी एक जागा हवी. शेवटच्या या जागेकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. आमच्या मते तिचा उपयोग सगळ्यात जास्त असतो (प्रश्न ६ पाहा).

३. नाशिकमध्ये आजच सुरुवात करायची असेल तर कुठून करू?

फोनपासून. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. चोवीस तास, विनाशुल्क, मराठीतून बोलता येतं. आत्महत्येचे विचार असतील तरच फोन करायचा असं काही नाही. सुरुवात कशी करायची यावर लोक अडतात, तर एवढंच म्हणा: "घरात वर्षानुवर्षं प्रत्येक गोष्टीचा दोष मला दिला गेला आहे. त्याचा झोपेवर आणि कामावर परिणाम होतोय. मला जवळपास नियमित बोलायला कुणी हवं आहे." शेवटचं वाक्य नक्की बोला, म्हणजे नुसती समजूत न काढता पुढचा पत्ता सांगितला जातो.

पुढची पायरी त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय. तिथल्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढून दाखवता येतं. सकाळी लवकर जा, कारण गर्दीत डॉक्टरांना तुमच्यासाठी थोडाच वेळ मिळतो. म्हणून तीन गोष्टी चिठ्ठीवर लिहून न्या: झोप किती तास, भूक आणि कामात काय बदल झाला, आणि हे कधीपासून. बालपणापासूनचा इतिहास त्या पाच मिनिटांत मावत नाही. तो सांगायला गेलात तर औषध लिहून मिळतं आणि "माझं ऐकलंच नाही" असं वाटत परत यावं लागतं. इतिहास समुपदेशनाच्या बैठकीसाठी ठेवा.

खासगी समुपदेशक निवडताना काय विचारायचं ते प्रश्न ८ मध्ये आहे.

४. या विषयाचा खास आधारगट शहरात सापडत नाहीये. मग?

नेमक्या याच नावाचा गट शोधत बसू नका, त्यात महिने जातात. शेजारचे विषय पाहा. घरात दारू असेल तर अल-अ‍ॅनॉन हा नातेवाइकांचा गट उपयोगी पडतो. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटापेक्षा तो वेगळा आहे. पिणारा माणूस आज पीत असो वा नसो, त्याच्या दारूचा तुमच्यावर परिणाम झाला असेल तर जाता येतं. फी नाही, आडनाव सांगावं लागत नाही, पहिल्या दिवशी नुसतं ऐकलं तरी चालतं. एकमेकांना सल्ले द्यायचे नाहीत, ही तिथली रीत आपल्या लोकांना फार मानवते. शेजारच्या शहरातले किंवा ऑनलाइन मराठी-हिंदी गटही चालतील. फक्त सामील होण्याआधी प्रोफाइलवरचं नाव आणि फोटो बदला.

स्वतः गट सुरू करायचा असेल तर चार ते सहा माणसं पुरेत. पंधरा दिवसांनी एकदा, दीड तास. प्रत्येकाला दहा मिनिटं, मोबाइलवर टायमर लावून, मध्ये कुणी बोलायचं नाही. शेवटची पंधरा मिनिटं, पुढच्या पंधरवड्यात प्रत्येक जण कोणती एक छोटी गोष्ट करणार, एवढ्यासाठीच. कुणाच्या घरी भेटू नका. घरातली माणसं दारामागे असली की तोंड उघडत नाही. एखाद्या संस्थेची लहान खोली तासाच्या भाड्याने घेणं परवडतं. असे गट मोडतात ते ठरावीक कारणांनी. एकच माणूस सगळा वेळ घेतो. "तुझ्यापेक्षा माझं वाईट" अशी चढाओढ लागते. कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅप चॅटचे स्क्रीनशॉट आणतो आणि सगळे मिळून त्याच्या वहिनीला द्यायचं उत्तर लिहीत बसतात. पहिल्या बैठकीतच ठरवा की स्क्रीनशॉट वाचायचे नाहीत आणि उत्तरं लिहून द्यायची नाहीत.

५. पहिल्याच भेटीत किती सांगायचं? मी एकतर गप्प बसतो, नाहीतर सगळं भडाभडा बोलून टाकतो.

दोन्हींचं मूळ एकच. घरात तुमच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, त्यामुळे समोरच्याला पटवायचं तर सगळे पुरावे एकदम मांडावे लागतात असं वाटतं. तीन टप्पे करा. पहिल्या भेटीत एक वाक्य: "घरच्यांशी संबंध अवघड आहेत, त्यावर काम करतोय." दोन-तीन भेटींनंतर एक प्रसंग, पाच मिनिटांत. पुढचं सगळं महिना-दोन महिन्यांनी, तेही हवंसं वाटलं तर. प्रत्येक टप्प्यानंतर थांबून बघा. समोरच्याने ते दुसऱ्याला सांगितलं का? पुढच्या वेळी तुमच्याविरुद्ध वापरलं का? लगेच "पण आई शेवटी आई असते" म्हणाला का? तिन्हींचं उत्तर नाही असेल तरच पुढचा टप्पा. भडाभडा बोलून झालंच असेल तर माफीचे लांब मेसेज पाठवू नका. पुढच्या भेटीला नेहमीसारखे जा.

६. मला माझी कहाणी कुणाला सांगायचीच नाही. नुसती माणसं हवी आहेत.

हा मार्ग कमी प्रतीचा समजू नका. 'घरातला दोषी' सोडून तुमची दुसरी काही ओळख असते, याचा रोजचा अनुभव अशा जागीच मिळतो. नाशिकला अशा जागा भरपूर आहेत. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चालू आहे. तिथे रोज एकाच वेळी वर्तमानपत्र वाचायला बसलं तरी महिन्याभरात चार चेहरे ओळखीचे होतात. गंगापूर रोडवर कुसुमाग्रज स्मारकात कार्यक्रम असतात. मे महिन्यात गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात वसंत व्याख्यानमाला असते. तिथे एकटं बसलेलं कुणाला खटकत नाही. पांडवलेणीला पहाटे चढणारे, गोल्फ क्लबच्या मैदानावर चालणारे, सायकलवाले आहेत. हिवाळ्यात निफाड तालुक्यातल्या नांदूरमधमेश्वरला, म्हणजे महाराष्ट्रातल्या पहिल्या रामसर स्थळी (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागी), पक्षी बघायला जाणाऱ्यांचे गट असतात. तासन्‌तास न बोलता माणसांत राहायची सोय हवी असेल तर पक्षीनिरीक्षणासारखं काही नाही.

मात्र एकच जागा निवडा, वार आणि वेळ ठरवा, आणि आठ-दहा आठवडे सलग जा. दर आठवड्याला नवीन गटात जाणाऱ्याला कुठेच कुणी ओळखत नाही, आणि मग "मला कुणी जवळ करत नाही" हा जुना समज पक्का होतो.

७. नवीन ठिकाणीही काही महिन्यांत मीच वाईट ठरते. माझ्यातच खोट आहे का?

या प्रश्नाची पत्रं सर्वांत जास्त येतात. खोट नाही, पण घरात जगण्यासाठी शिकलेल्या काही सवयी बाहेर अंगावर येतात. कुणी विचारलेलं नसताना माफी मागणं. प्रत्येक निर्णयाचं लांब स्पष्टीकरण देणं. कुणालाच नको असलेली कामं पहिल्याच महिन्यात अंगावर घेणं: मंडळाचा हिशोब, वर्गणी, ढोलपथकाच्या सरावाच्या वेळा सगळ्यांना कळवणं, सोसायटीचं पाणी. अशा कामात चूक होणारच, आणि बोट दाखवायला तुम्ही समोर असता. चौथी सवय तर गुणच आहे. तुम्हाला अन्याय चटकन दिसतो. गटात कुजबुज असते तेव्हा तुम्ही उभ्या राहून मोठ्याने बोलता, बाकीचे मागे सरकतात, आणि वाईटपणा एकटीच्या पदरात पडतो.

म्हणून पहिले तीन महिने कोणतंही पद आणि पैशांचं काम घेऊ नका. एक छोटं, संपणारं काम घ्या: खुर्च्या लावणं, एका कार्यक्रमाचे फोटो काढणं. मुद्दा मांडायचा असेल तर आधी दोघांशी बोला आणि बैठकीत ते सोबत बोलणार आहेत का विचारा. चूक झाली तर एकदा, एका वाक्यात मान्य करा: "तारीख माझ्याकडून चुकली, आज दुरुस्त करते." तिथेच थांबा.

एवढं करूनही बोट तुमच्याकडेच येत असेल तर गट तपासा. तुमच्याआधी तिथून कुणी बदनाम होऊन गेलं आहे का, हे जुन्या सदस्याला सहज विचारा. दरवर्षी एक 'वाईट माणूस' बाहेर पडत असेल तर त्या गटाला तो लागतोच. भांडण न करता निघा.

८. समुपदेशक म्हणाले, "आईवडील आहेत, मोठ्या मनाने माफ करा." मी चुकीचा माणूस निवडला का?

एका वाक्यावरून ठरवू नका, पण विचारा. तीन प्रश्न पुरतात. "घरात एकाच मुलाला दोष दिला जातो अशा लोकांबरोबर तुम्ही काम केलं आहे का?" "मी घरच्यांशी संबंध कमी ठेवले तर तुमचं काय मत?" "माझ्या घरातलं किंवा नात्यातलं कुणी तुमच्याकडे येतं का?" दुसऱ्या प्रश्नावर "ते तुम्ही ठरवा, आपण परिणामांचा विचार करू" अशा अर्थाचं उत्तर आलं तर ठीक. तीन बैठकींनंतरही माफीचाच आग्रह असेल तर बदला. निरोपाचा एक मेसेज पुरे, कारणं द्यायला तुम्ही बांधील नाही.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक विचारण्यात गैर काही नाही. सगळ्या घराला एकत्र बसवून बैठक घेऊ, असं सुचवलं तर घाई करू नका. घरच्यांनी आपला वाटा मान्य करायची तयारी दाखवलेली नसेल, तर त्या खोलीतही सगळे मिळून तुमच्यावरच बोलतात, आणि आता डॉक्टरांच्या साक्षीने.

९. नाशिक म्हणजे सगळे एकमेकांच्या ओळखीचे. मी अजून त्याच घरात राहतो. घरी कळलं तर?

राहता त्या भागातला समुपदेशक टाळा. पंचवटीत राहणाऱ्याने नाशिकरोडला जावं, सिडकोतल्याने गंगापूर रोडला. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार उपचाराची माहिती गुप्त राखणं डॉक्टर-समुपदेशकांवर बंधनकारक आहे. जिवाला धोका अशा मोजक्याच परिस्थिती अपवाद आहेत. व्यवहारात बातमी फुटते ती दुसरीकडून: घरच्यांशी जोडलेलं गुगल खातं, सामायिक बँक खात्यातून दिलेली फी, टेबलावर राहिलेला केसपेपर. फी रोख द्या, कागदांचे फोटो वेगळ्या ई-मेलवर ठेवा, अपॉइंटमेंटचे मेसेज बंद करायला सांगा.

त्याच कायद्याच्या कलम १४ ची माहिती फार कमी जणांना असते. कोणतीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर लिहून, सही करून, आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे मानसिक उपचारांच्या निर्णयांत आपल्या बाजूने उभा राहणारा माणूस, नेमू शकते. तो नातेवाईकच हवा असं नाही. पुढे कधी रुग्णालयात दाखल होण्याची वेळ आली आणि तुम्ही कुणाला नेमलेलं नसेल, तर क्रमाने नातेवाईक पुढे येतात. ज्यांना घरचे "वेडा आहे तो" म्हणत आले आहेत, त्यांनी विश्वासू मित्राच्या संमतीने हा कागद करून त्याच्याकडे प्रत ठेवावी.

१०. मावशी म्हणते, "मला सांग, मी ताईला समजावते." तिच्यावर विश्वास ठेवू का?

मध्यस्थ बहुधा चांगल्या मनाचेच असतात, पण त्यांना शांतता हवी असते, आणि सगळ्यात मऊ बाजू तुमची असल्याने दाबही तुमच्यावरच येतो. एक बिनमहत्त्वाची गोष्ट सांगून बघा, "दिवाळीत फराळ बाहेरून आणणार आहे" अशी. आठवड्यात ती आईकडून परत आली तर उत्तर मिळालं. नातं तोडायची गरज नाही. "मावशी, आईचं आणि माझं आमच्यात राहू दे. तू तुझी तब्येत सांग." हेच वाक्य प्रत्येक वेळी, त्याच सुरात म्हणा.

११. लग्नकार्याला जावं की नाही? दिवाळी-भाऊबीजेला फार त्रास होतो.

जायचं असेल तर दोन तास ठरवा आणि स्वतःच्या गाडीने जा. निघायचं कारण आधीच सांगून ठेवा, एक माणूस फोनवर तयार ठेवा. पत्रिकेतून नाव गाळलं असेल तर मांडवात विचारू नका. सगळ्यांसमोर रडलात किंवा चिडलात की तुमच्याबद्दलची घरच्यांची जुनी गोष्ट खरी ठरते. खरा त्रास दुसऱ्या दिवशी होतो, तेव्हा त्या दिवसाची भेट आधीच ठरवा. भाऊबीजेसाठी संध्याकाळ मोकळी सोडू नका.

१२. पत्रिकेत दोष आहे, पायगुण वाईट आहे म्हणून सगळं माझ्यामुळे होतं, असं घरचे म्हणतात.

त्र्यंबकेश्वरला शांती करून घ्यायची की नाही, ही तुमची श्रद्धा. पण "ही दोषी" हे गृहीत धरून केलेल्या विधीने दोष उतरत नाही. पुढची अडचण आली की पुन्हा बोट तुमच्याकडेच येतं. करणी केली, हिच्यामुळे संकटं येतात किंवा रोगराई पसरते असा आरोप करून एखाद्याचं जगणं मुश्कील करणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. पोलिसांत एकटं जायचं नसेल तर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांशी आधी बोला.

समाजाच्या पंचांनी वाळीत टाकलं असेल तर तो वेगळा विषय. जातपंचायतींविरुद्धची मूठमाती मोहीम २०१३ मध्ये नाशिकमधूनच उभी राहिली. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नुसतं घरातल्यांनी बोलणं टाकलं तर हा कायदा लागत नाही.

१३. संबंध कमी केले तर घर, हिस्सा, आईवडिलांची जबाबदारी यांचं काय?

अंतर ठेवल्याने वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क जात नाही, आणि हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचाही तो मुलांइतकाच आहे. वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत मात्र ते कुणालाही देऊ शकतात. हक्कसोडपत्र समोर ठेवलं त्याच दिवशी त्यावर सही करू नका. मसुद्याची प्रत मागा, वकिलाला दाखवा. "सही कर, मग सगळं नीट होईल" या आशेवर सही केलेल्यांना नंतर हिस्साही मिळत नाही आणि माणसंही.

महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. ते जिल्हा न्यायालयात आहे, हेल्पलाइन १५१००. घरात राहणाऱ्या मुलीला किंवा बहिणीला छळाविरुद्ध २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा वापरता येतो, घरात राहण्याच्या हक्कासाठीही. आईवडील ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याने प्रांताकडे निर्वाह मागू शकतात. "माझ्यावर अन्याय झाला" म्हणून हा दावा आपोआप फेटाळला जात नाही. मदत करणार असाल तर बँकेतून पाठवा, नोंद राहते.

१४. सगळं चाललंय, तरी एखाद्या रात्री वाटतं, मी नसलेलंच बरं.

त्या रात्री एकटे राहू नका. १४४१६ लावा. जिवाला लगेच धोका असेल तर ११२. जवळच्या एका माणसाला आधीच सांगून ठेवा: "मी फक्त 'ये' असा मेसेज केला तर प्रश्न न विचारता ये." औषधांचा साठा त्याच्याकडे ठेवा. हा विचार बरेचदा घरच्यांशी बोलणं झालेल्या दिवशी किंवा आधारगटात खूप काही सांगून झाल्यावर येतो. त्या दिवसांवर खूण करा आणि पुढच्या बैठकीत सांगा.

१५. लाडका असलेला भाऊ आता म्हणतो, "तुझं बरोबर होतं." त्याला जवळ करू का?

करता येईल, हळूहळू. घरातला ताण आता त्याच्यावर आला असेल म्हणूनही तो आला असेल. तेवढ्यावरून त्याला खोटा ठरवू नका. सुरुवातीचे काही महिने त्याला घराबाहेर, तासाभरासाठी भेटा आणि आईवडिलांचा विषय निम्म्यापेक्षा जास्त वेळ चालू देऊ नका. तुम्ही सांगितलेलं घरी पोचतं का, ते प्रश्न १० मधल्या पद्धतीने पाहा. त्याने केलेल्या एखाद्या नेमक्या गोष्टीबद्दल तो स्वतःहून बोलला, तुम्ही आठवण न करता, तर नातं पुढे न्यायला हरकत नाही. तुम्हाला फक्त 'बाबांना समजाव' म्हणायला तो आला असेल तर ते दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत कळतंच. तेव्हा "ते मी करणार नाही, पण चहाला भेटत राहू" एवढं सांगा.